पडद्याआडची पाणबुडी: दादरच्या एका कॅफेतला तीन तासांचा खेळ

पुतण्याने ओढून नेलं म्हणून गेलो. नाहीतर दादर पश्चिमेला दोन जिने चढून खेळायला माणशी 300 रुपये मोजणाऱ्यातला मी नव्हे. माझगाव डॉकमध्ये इलेक्ट्रिकलला माझी नोकरी झाली. ‘शाल्की’ पाणबुडीचं काम चालू होतं तेव्हा मी नवा लागलो होतो, आणि 2017 साली ‘कलवरी’ नौदलात गेली तोवर डोक्यावर फारसं काही उरलं नव्हतं. त्यामुळे “पाणबुडीचा खेळ आहे, काका” म्हटल्यावर जरा आखडूनच बसलो.

खेळ विकतचा नाही, कॅफे चालवणाऱ्या दोन पोरांनी स्वतः केलाय. टेबलावर फ्लेक्सवर छापलेला अरबी समुद्र, त्यावर षटकोनी घरं, मधे पुठ्ठ्याचा पडदा. पडद्याआड पाणबुडीवाला एकटा. अलीकडे चौघं: दोन फ्रिगेट (मधल्या आकाराच्या युद्धनौका), एक हेलिकॉप्टर, एक विमानवाहू जहाज. पाणबुडीवाला आपली चाल वहीत लिहितो. कुणी पिंग केलं, म्हणजे सोनारने (आवाज सोडून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राने) हाक मारली, की पंच वही बघून ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतो. मात्र पिंग करणाऱ्याला आपलं घर मोठ्याने सांगावं लागतं. इथे मी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली. सोनारचा आवाज पाणबुडीवर आपटून परत आला तर शोधणाऱ्याला कळणार; पाणबुडीला तो एकदा ऐकू आला की झालं. म्हणजे हाक मारणाराच आधी सापडतो. हे पोरांनी नेमकं पकडलंय.

‘थरा’चे पत्तेही झकास. वरचं पाणी तापलेलं, खालचं गार, आणि मधल्या सीमेवर आवाज वाकतो. पाणबुडी त्याखाली गेली की जहाजाच्या बुडाखालच्या सोनारला ती ऐकू येणं मुश्कील. हेलिकॉप्टरवाला मात्र दोरीने सोनार थराखाली सोडू शकतो. पुतण्याकडे हेलिकॉप्टर होतं. तो दर वेळी बोटाने खरंच काहीतरी खाली सोडल्यासारखं करायचा.

आता तक्रार. पहिल्या डावात पाणबुडीने चाळीस मिनिटांत विमानवाहू बुडवलं, आणि कॅफेतली सगळी टाळ्या पिटायला लागली. मी विचारलं, “बॅटरी कधी भरली?” तर म्हणे, ती दर पाच चालींनी आपोआप भरते. आपोआप! अरे, ज्या बॅटरीच्या एकेका सेलचं वजन माणसाच्या कितीतरी पट असतं, ती भरायला डिझेल इंजिन चालवावं लागतं, इंजिनाला हवा लागते, हवेसाठी पेरिस्कोप पाण्याबाहेर निघेल इतकं वर येऊन नळी पाण्याबाहेर काढावी लागते. आमच्याकडे त्याला स्नॉर्ट म्हणतात. तेव्हा नळी रडारवर दिसू शकते, इंजिनाचा आवाज होतो. पाणबुडी मारायची वेळ तीच. तोच खर्च माफ केल्यावर उरलं काय?

दुसऱ्या डावाला माझा नियम लावला. स्नॉर्ट करताना पाणबुडीवाल्याने नकाशावर उघड सोंगटी ठेवायची, आणि पूर्ण वेगाने तीन चाली गेल्या की बॅटरी संपली. पाणबुडीवाला घामाघूम. दीड तास रांगत राहिला, आणि शेवटी स्नॉर्ट करताना हेलिकॉप्टरने धरला.

भिंतीवर त्यांनी स्वीडनच्या ‘गॉटलंड’ पाणबुडीचं चित्र लावलंय. अमेरिकेने ती 2005 पासून दोन वर्षं खलाशांसकट भाड्याने घेतली होती, आणि सरावात तिने ‘रोनाल्ड रेगन’ या विमानवाहू जहाजाला कागदोपत्री बुडवलं होतं. खरं आहे. पण तिच्यात बाहेरच्या हवेशिवाय चालणारं स्टर्लिंग इंजिन आणि त्यासाठी द्रव ऑक्सिजन होता, आठवडा-दोन आठवडे नळी काढायची गरज नाही. आपल्या कलवरी वर्गातल्या सहाही पाणबुड्या अशा सोयीशिवायच दाखल झाल्या. शिवाय सरावाचं पाणी आखलेलं असतं. विमानवाहू तीस नॉटने (ताशी साधारण 55 किलोमीटर) पळू शकतं. बॅटरीवरची पाणबुडी त्याच्यामागे कुठवर धावणार? तिला वाटेत दबा धरूनच बसावं लागतं. चौकोन छोटा असला की सावज आपसूक समोर येतं. या खेळाचा नकाशाही तसाच, छोटा.

आणि चुकीचाही. मुंबई हायच्या शेजारी पाणबुडीने 200 मीटरची डुबकी मारली! तिथे पाणी जेमतेम 75 मीटर. तळाला नाक घासलं असतं.

एक गोष्ट खटकली. हरणाऱ्या जहाजाने सगळ्यांना चहा पाजायचा, असा नियम आहे. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ आपली ‘खुकरी’ फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिकांसह. तीही पाणबुडी शोधायलाच मुंबईहून निघाली होती. पोरांचा काही दोष नाही, त्यांना माहीत नव्हतं. सांगितल्यावर गप्प झाली.

बाकी: खुर्च्यांना पाठ नाही, गाणी मोठ्याने लावतात (सोनारच्या खेळात!), चहा 90 रुपये आणि कोमट. रविवारी आधी फोन करून टेबल धरा. पाचजण असाल तरच मजा. तिघांत पाणबुडीवाला कंटाळतो.

निघताना बघितलं, तर थोरल्याने स्केचपेन काढून मुंबई हायच्या घरात ‘75’ लिहिलं होतं आणि धाकटा विचारत होता, “काका, मग रत्नागिरीसमोर किती लिहू?”