खोका परत आला, लेबल मात्र बदललेलं

चावीवर चालणाऱ्या पत्र्याच्या मोटारीचा पुठ्ठ्याचा मूळ खोका, 1930 च्या दशकातला. जुन्या खेळण्यांत खोक्याला किती मान असतो ते संग्राहकांना सांगायला नकोच. झाकणाचे दोन कोपरे फाटलेले, आणि कुणीतरी मारलेल्या चिकटपट्टीचा गोंद पिवळा पडून कागदात मुरलेला. दुरुस्तीसाठी ऑनलाइन एक ‘तज्ज्ञ’ भेटले. बोलण्यात पक्के: गव्हाची खळ, जपानी कागद, पुढेमागे सोडवता येईल असंच काम. अर्धे पैसे आगाऊ.

खोका परत आला तो कोरा करकरीत! तिथेच पाल चुकचुकली. लाकडाच्या लगद्याचा इतका जुना पुठ्ठा लिग्निन (लाकडातलंच एक द्रव्य) आणि आम्लामुळे तपकिरी, ठिसूळ होणारच. इथे झाकणावर डाग म्हणून नाही. भिंग लावलं. मूळ लेबल लिथोचं, म्हणजे शिळाछाप पद्धतीने छापलेलं होतं, त्यातला लाल सलग आणि कडेला जरासा सरकलेला. आता त्याच लालात गुलाबी-पिवळे बारीक ठिपके विखुरलेले, म्हणजे सरळसरळ इंकजेट प्रिंटरची छपाई. अंधारात अतिनील टॉर्च मारला तर झाकण निळंपांढरं उजळलं, तळ मंदच. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती द्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. (नुसत्या चमकण्यावर जाऊ नका, जुना सरसही थोडा चमकतो. ठिपके आणि चमक दोन्ही जुळली की संशय उरत नाही.) कोपऱ्याला आतून ओलसर कापूस टेकवून ठेवला. खळ भिजून सुटते. हा पांढरा सुतारी गोंद, सुटायचं नाव घेईना.

मूळ लेबलाबद्दल विचारलं, तर म्हणाले, “त्याचा भुगा झाला होता, टाकून दिलं.” पाठवण्याआधीच्या फोटोंत ते लेबल धडधाकट दिसतंय. फोटो पाठवले आणि उत्तरं बंद झाली.

कुणाला काम देणार असाल तर आधी सगळ्या बाजूंचे फोटो मोजपट्टी ठेवून काढा, अतिनील टॉर्चखालचेही. काय बदलणार ते लिहून घ्या, आणि निघालेला प्रत्येक तुकडा, अगदी चिकटपट्टीला चिकटून आलेला पापुद्राही, परत मागा. त्याला नाही म्हणणाऱ्याला खोका देऊच नका. या गृहस्थांच्या जाहिरातीत माझ्याच झाकणाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ अजून झळकतायत. मोठे करून पाहिले तर ‘नंतर’मध्ये अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात.