पहिली दुर्बीण: ईक्यू घ्यावी की डॉब?

१३० मिलिमीटरची ईक्यू, म्हणजे तिरक्या अक्षावर फिरणाऱ्या इक्वेटोरियल स्टँडवरची दुर्बीण, मी साडेचार वर्षं वापरली. आता घरात सहा इंची डॉब आहे, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या पेटीत फिरणारी डॉब्सोनियन दुर्बीण. दोन्ही न्यूटनच्या पद्धतीच्या, दोन्हींत आरसा. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार उपग्रह, मृगातला तेजोमेघ दोन्हींतून दिसतात. सहा इंची आरसा साधारण एक तृतीयांश जास्त प्रकाश गोळा करतो. मृगाच्या तेजोमेघात तो फरक डोळ्याला कळतो, पण तेवढ्यासाठी कुणी मत बदलावं असं मला वाटत नाही. ठरवायचं असतं ते माउंटवरून, म्हणजे नळी ज्यावर बसते आणि फिरते त्या बैठकीवरून.

ईक्यूची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. आकाश तासाला १५ अंश सरकतं. ईक्यूचा अक्ष ध्रुवाकडे लावला की एकच नॉब हळूहळू फिरवून ग्रह मधोमध ठेवता येतो, मोटर जोडली तर तेवढंही करावं लागत नाही. डॉबमध्ये १२० पटीवर शनी दीडेक मिनिटात कडेला जातो, मग नळी हाताने ढकलायची. फोटोग्राफी करायची असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, ईक्यूच घ्या.

ध्रुव लावणं मात्र आपल्याकडे वाटतं तितकं सोपं नाही. नाशिकचे अक्षांश २०, म्हणून ध्रुवताराही क्षितिजापासून २० अंशांवर, म्हणजे हात लांब केला तर दोन मुठींवर. इंदिरानगरातल्या आमच्या गच्चीवरून उत्तरेची इमारत त्याला पूर्ण झाकते. मी होकायंत्रावर भागवायचो. नुसतं डोळ्याने बघायला तेवढं पुरतं, त्यामुळे ही तक्रार मी मोठी करणार नाही.

मला खरा त्रास झाला तो आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचा. ईक्यूचा अक्ष तिरका असतो, त्यामुळे दुर्बीण एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर नेली की नळी स्वतःभोवतीही कलंडते. या दुर्बिणींत आयपीस नळीच्या बाजूला, वरच्या टोकाजवळ असतो. तो कधी आभाळाकडे तोंड करतो, कधी जमिनीकडे, कधी नळीच्या पलीकडे जातो. मग नळी धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू सैल करायचे, नळी फिरवायची, पुन्हा आवळायचे, आणि तोवर हललेला तारा शोधायचा. एकटा असताना याची सवय होते. घरच्यांना दाखवायचं म्हटलं की अवघड होतं.

२०२२ च्या दिवाळीत शनी संध्याकाळी दक्षिणेला चांगला वर होता. आईचे गुडघे दुखतात, तरी ती तीन जिने चढून गच्चीवर आली. मी शनी लावला आणि बघतो तर आयपीस तिच्या डोक्याच्या वर, पलीकडच्या अंगाला. तिला स्टुलावर उभं करणं शक्य नव्हतं. स्क्रू सैल करून नळी फिरवली, शनी गेला. पुन्हा सापडला तर वाऱ्याने स्टँड थरथरायला लागला. आई बराच वेळ खुर्चीत बसून होती. शेवटी म्हणाली, "राहू दे रे, तू बघ. मी परत कधीतरी बघते." त्या रात्री दुर्बीण आवरताना मला फार वाईट वाटलं.

पुढच्या कार्तिकात डॉब आणली. डॉबमध्ये नळी फक्त वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते, त्यामुळे आयपीस कायम एकाच बाजूला राहतो. शनी मावळायच्या आधी आई तिच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, आयपीस जवळपास तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आला. मी मिनिटा-मिनिटाला नळी बोटभर सरकवत होतो. "अगं बाई, खरंच कडं आहे की!" असं म्हणून तिने परत डोळा लावला. नंतर खालच्या मजल्यावरची पोरं आली आणि "काका, आता माझा नंबर" सुरू झालं.

हा माउंट मुळात अशा रांगेसाठीच जन्मला. जॉन डॉब्सन अमेरिकेत वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी, अशा दुर्बिणी ते बनवत. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला, त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवत राहिले.

डॉबचेही त्रास आहेत. अगदी डोक्यावर ती हट्टी होते: नळी उभी असताना तारा थोडा सरकला तरी खालची पेटी खूप फिरवावी लागते. नाशिकहून कृत्तिका माथ्यापासून चारेक अंशांवरून जातात. २०२६ च्या जानेवारीत मिथुनेतला गुरूही मध्यरात्री जवळजवळ डोक्यावरच होता. मी अशा वेळी तासभर थांबतो, तो पश्चिमेला कलला की बघतो. घाई असलेल्याला हे जमणार नाही. दुसरं, तिला सपाट जमीन लागते. अंजनेरीच्या पायथ्याला खडकाळ जागी मी प्लायवूडचा तुकडा आणि खाली द्यायला लाकडी पाचरी नेतो. तिसरं म्हणजे प्रवास. सुटी केलेली ईक्यू मी मित्राला मागे बसवून स्कूटरवर त्र्यंबक रोडने नेली आहे, डॉब तशी नेता येणार नाही. चारचाकी नसेल आणि गच्चीवरून फक्त दिव्यांचा उजेड दिसत असेल, तर माझी आवड बाजूला ठेवून मी ईक्यूच सुचवेन.

पावसाळ्यात दोन्ही चार महिने घरात बसतात. दोन्हींच्या आरशांवर बुरशी चढू शकते, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा.

जी वस्तू दाखवल्यावर माणसं गप्प होतात ती आहे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, ताऱ्यांचा गोलाकार पुंजका. नाशिकहून तो दक्षिणेला २३ अंशांपर्यंत चढतो. इंग्लंडच्या हौशी निरीक्षकांच्या क्षितिजावर तो येतही नाही. मे महिन्यात, अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी, शहराच्या उजेडापासून दूर आणि दक्षिण मोकळी असलेल्या जागी जायचं. इतक्या खाली डॉब लोण्यासारखी फिरते, स्टुलावर बसून निवांत बघता येतं.

डॉबकडे मन कललं असेल तर पैसे देण्याआधी गाडीची मागची सीट टेपने मोजा. सहा इंचीची नळी सव्वा मीटरच्या आसपास असते. आणि खालची पेटी एकदा दुकानातच दोन्ही हातांनी उचलून बघा, रात्री एक वाजता तीच घेऊन जिने उतरायचे आहेत.