तारा टाक्याची टोपी शिकवणारा म्हापशातील वर्ग

म्हापशाच्या बाजारपेठेत दोरा, लोकर आणि विणकामाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर क्रोशाचा छोटा वर्ग चालतो. साखळी, मुका खांब आणि खांब एवढे मूळ टाके ज्यांच्या हातात बसले आहेत, त्यांना एक अनोळखी टाका शिकवून त्यातून एक वस्तू पूर्ण करून घेतली जाते. या वेळचा विषय होता चांदणीसारखा दिसणारा तारा टाका आणि त्याची सुती टोपी. गोव्याच्या दमट हवेत लोकरीची टोपी कपाटातच राहते, उन्हात घालायला सुतीच हवी. हे ओळखून केलेली ही निवड मला मनापासून आवडली.

तारा टाका अवघड वाटतो तो सुई एकामागोमाग पाच वेगवेगळ्या जागी घालावी लागते म्हणून. आधीच्या ताऱ्याचा डोळा (तो बंद करताना मध्ये पडलेले छिद्र), त्याच ताऱ्याची कड, त्याचा शेवटचा लूप जिथून घेतला ती खालची जागा आणि पुढची दोन घरे, म्हणजे खालच्या ओळीतले दोन टाके, अशा पाच ठिकाणांहून लूप उचलले की सुईवर एकूण सहा लूप होतात. मग त्या सर्वांमधून दोरा एकदम ओढून घ्यायचा आणि एक साखळी घालून तारा बंद करायचा. शिक्षिकेने आकडे पाठ करायला लावले नाहीत. प्रत्येकीजवळ बसून, ‘काकी, आता सुई कुठे जाते ते तोंडाने सांगत विणा,’ असा आग्रह धरला आणि सुरुवात टोपीऐवजी जाड दोऱ्याच्या लहान पट्टीवर करून घेतली. जागा डोळ्यांना दिसू लागल्या की हात आपोआप चालतो. इतक्या धीराने शिकवणारे माणूस मिळणे, हेच या वर्गाचे खरे मोल आहे.

टोपीचा माथा साध्या खांबांचा आहे. 12 खांबांनी सुरुवात करून प्रत्येक फेरीत 12 वाढवत जायचे, म्हणजे 24, 36, 48 अशी चकती सपाट राहते. डोक्याचा घेर 56 सेंटीमीटर असेल, तर चकतीचा व्यास सुमारे 18 सेंटीमीटर झाल्यावर वाढ थांबवायची. सुती दोरा लोकरीइतका ताणला जात नाही, म्हणून माप नीट घ्यावे, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. पुढे ताऱ्यांची एक फेरी आणि अर्ध्या खांबांची (मुका खांब आणि खांब यांच्या मधल्या उंचीच्या टाक्याची) एक फेरी आलटून पालटून येते. प्रत्येक तारा दोन घरे घेतो आणि त्याच्या डोळ्यात दोन अर्धे खांब बसतात, त्यामुळे घरांची संख्या बदलत नाही. ती सम असली म्हणजे झाले. गोलात विणताना काम उलटावे लागत नाही आणि तारे सदैव सुलट बाजूलाच येतात, म्हणून हा टाका टोपीला विशेष शोभतो. फेरीचा शेवटचा तारा पहिल्याशी जोडणे मात्र नाजूक असते, आणि त्याला वर्गात हवा तेवढा वेळ दिला गेला.

उणीव आहे ती हाती दिलेल्या छापील कागदाची. त्यात अमेरिकी आणि ब्रिटिश नावे सरमिसळ झाली आहेत. अमेरिकी पद्धतीत ज्याला (म्हणजे आपल्या खांबाला) डबल म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत ट्रेबल म्हणतात, आणि ब्रिटिश डबल म्हणजे आपला मुका खांब. घरी तो कागद पाहून माथा विणणारी व्यक्ती खांबाच्या जागी मुका खांब घालील आणि फेऱ्यांचा सारा हिशेब चुकेल. मराठीत, साखळी-खांबाच्या आपल्या नावांनी, एक पान तयार करणे दुकानाला कठीण नाही आणि ते त्यांनी करावेच.

साहित्याबद्दलही एक सूचना. या टाक्याने कापड घट्ट होते आणि सहा लुपांतून दोरा ओढताना बारीक सुई अडते. दुकानात झालरीसाठीच्या बारीक पोलादी सुयाच आधी पुढे केल्या जातात. मध्यम जाडीच्या सुती दोऱ्यासाठी 4 मिलिमीटरची सुई स्वतःहून मागून घ्यावी. दोराही नेहमीपेक्षा जास्त लागतो, म्हणून एकाच रंगछटेचे एक बंडल अधिक घ्यावे. शुक्रवारी आठवड्याच्या बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा चौकशीसाठी दुसरा वार निवडणे बरे.