आयआयएसचं ‘ॲप्लिकेशन इनिशियलायझेशन’: जुन्या एएसपी डॉट नेटसाठी फुकट आणि कामाचं

जळगावच्या डाळ मिल, धुळ्या-नंदुरबारकडच्या जिनिंग, गावोगावच्या पतपेढ्या: अनेक ठिकाणी हिशेबाचं सॉफ्टवेअर अजून जुन्या वेब फॉर्म्सवरच (मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटचा जुना प्रकार) चालतं. सकाळी पहिला माणूस लॉगिन करतो आणि पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतो. दोष बहुतेक वेळा इंटरनेटचा नसतो. आयआयएस, म्हणजे विंडोजचा वेब सर्व्हर, 20 मिनिटं कुणी फिरकलं नाही की ॲप्लिकेशन पूल (साइट चालवणारी प्रोसेस) बंद करतो, आणि पुढच्या माणसाच्या वेळी सगळं पहिल्यापासून उभं करतो.

ॲप्लिकेशन इनिशियलायझेशन हे मॉड्यूल हीच उभारणी आधी उरकून ठेवतं. विंडोज सर्व्हर 2012 पासून ते सोबतच येतं, फक्त सर्व्हर मॅनेजरमधून वेब सर्व्हरच्या ‘ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट’ खाली टिक करावं लागतं. मग पूलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये स्टार्ट मोड ‘ऑलवेज रनिंग’, आयडल टाइमआउट 0, आणि साइटवर ‘प्रीलोड एनेबल्ड’ ट्रू. वेब डॉट कॉन्फिग या साइटच्या सेटिंग फाइलमध्ये इनिशियलायझेशन पेज म्हणून असं पान द्या, जे लॉगिनशिवाय उघडतं आणि डेटाबेसला एकदा तरी हात लावतं. नुसतं स्थिर पान दिलं तर अर्धंच काम होतं.

रीसायकलिंगकडे, म्हणजे पूल ठरावीक वेळाने बंद होऊन नव्याने सुरू होण्याकडे, मात्र हमखास दुर्लक्ष होतं. मूळ सेटिंग 1740 मिनिटांचं, म्हणजे 29 तासांचं असतं. आज पहाटे 5 ला झालेलं रीसायकल उद्या सकाळी 10 ला, ऐन लिलावाच्या वेळी येतं, आणि सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) प्रोसेसच्या मेमरीत असेल तर सगळे लॉगआउट होतात. ते 0 करून ‘स्पेसिफिक टाइम्स’मध्ये पहाटे 4 टाका.

मॉड्यूलची मोठी उणीव अशी, की वॉर्म-अप (ही आगाऊ उभारणी) फसला तरी ते काही सांगत नाही. त्याची विनंती साध्या एचटीटीपीने जाते. साइटवर एचटीटीपीएसकडे वळवणारा रीराइट नियम असेल, तर ती तिथूनच परत फिरते आणि तुमच्या कोडपर्यंत पोचतच नाही. नियमाच्या आधी ‘वॉर्मअप_रिक्वेस्ट’ हा सर्व्हर व्हेरिएबल 1 असेल तर सोडून देणारी अट घाला. आपल्याकडचा दुसरा घोळ विजेचा. लाइट येऊन सर्व्हर उठतो, त्याच मशीनवरचं एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) अजून तयार नसतं, आणि वॉर्म-अप वाया जातो. वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिसला ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ केलं की बहुतेक वेळा निभावतं. खात्रीसाठी ब्राउझर न उघडता आयआयएसरीसेट करा आणि टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यू३डब्ल्यूपी (पूलची प्रोसेस) सीपीयू खातो का ते बघा.

हे मॉड्यूल सुरुवात वेगवान करत नाही, फक्त कुणी वाट बघत नसताना ती उरकतं. खरा वेळ कापायचा तर वेब डॉट कॉन्फिगमध्ये कंपायलेशनचा डीबग फॉल्स करा (ट्रू असताना प्रत्येक पान वेगळं कंपाइल होतं), डिप्लॉय करण्याआधी पानं कंपाइल करून ठेवणारं एएसपीनेट_कंपायलर चालवा, आणि एंटिटी फ्रेमवर्क 6 (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) असेल तर त्याची डीएलएल एनजेन या डॉट नेटच्या साधनाने नेटिव्ह, म्हणजे थेट मशीन कोडमध्ये, करून घ्या; पूल 64 बिटचा असेल तर फ्रेमवर्क64 फोल्डरमधलंच एनजेन वापरा.

या मॉड्यूलला माझ्याकडून पाचपैकी चार गुण. दर आर्थिक वर्षाची वेगळी साइट ठेवणाऱ्यांनी फक्त चालू वर्षाचाच पूल ‘ऑलवेज रनिंग’ ठेवावा, नाहीतर 4 जीबीच्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हरला रॅम पुरत नाही.