लॅबमधले डास की मुंबईचे?

१९७३ला बार्शीत साथ आली ती चिकुनगुनियाच्या आशियाई वंशाची, २००५-०६ची आफ्रिकी वंशाची. यातला कोणता स्ट्रेन (विषाणूचा वाण) आपला एडिस, म्हणजे चिकुनगुनिया पसरवणारा डास, जास्त पसरवतो हे तपासायला निघालात, की पहिला पेच पडतो तो डासांचाच. लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली कॉलनी घ्यायची, की परळ-गोरेगावातून अंडी आणून नवी उभारायची?

सोयीत कॉलनीला तोड नाही. डास बारमाही, सगळे एका वयाचे, आणि मेम्ब्रेनमधून, म्हणजे ताणलेल्या पातळ पडद्यातून, कोमट रक्त मुकाट पितात. मुंबईचे रुसतात. आदल्या रात्री साखरपाणी काढून घेतलं तरी माझ्याकडचे निम्मेअधिक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून राहायचे. पडदा म्हणून पॅराफिल्मऐवजी (मेणासारखी ताणणारी फिल्म) कोंबडीची कातडी लावल्यावर जरा जमलं. शिवाय अंड्यांसाठी ठेवलेली काळी भांडी सोसायटीचा वॉचमन इमानेइतबारे उलटी करतो. त्याला दोष तरी काय देणार?

तरी माझा कौल मुंबईला गेला, तो वहीतल्या एका रकान्यामुळे. आमच्याकडे आलेल्या कॉलनीचं 'मूळ ठिकाण' कोरंच होतं. देणाऱ्यांना विचारलं, तर त्यांनीही ती दुसरीकडूनच आणलेली. सादरीकरणात दर वेळी कुणीतरी विचारायचंच, "हे डास कुठले?" एरवी हसून सोडलं असतं, पण स्ट्रेनची तुलना करताना नेमकं हेच नडतं. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या साथीत विषाणूच्या ई१ प्रथिनात २२६व्या जागी अ‍ॅलानिन जाऊन व्हॅलिन आलं, आणि तेवढ्यावर तो एडिस अल्बोपिक्टस या जातीच्या डासात फोफावला. एडिस इजिप्ती या दुसऱ्या जातीत तसा फायदा दिसला नाही. जात एकच असली तरी गावोगावच्या डासांत कोणता स्ट्रेन जास्त पसरतो हा क्रम बदलू शकतो. मग ठावठिकाणा नसलेल्या डासांवरून मुंबईबद्दल कितपत बोलावं, मला तरी धीर होईना.

हाताशी एखादंच सत्र असेल, किंवा विषाणू तपासायला डासाची लाळ काचेच्या नळीत घेण्याचा सराव करायचा असेल, तर कॉलनी बरी. मुंबईचे डास घेतलेत तरी शेजारी तिचा एक पिंजरा असू द्या, म्हणजे घोळ रक्त पाजण्यात आहे की डासांत, ते कळेल. मुंबईच्या डासांवरचा प्रयोग सुरुवातीच्या दोन-तीन पिढ्यांतच उरका. अंड्यांचे कागद पावसाळ्यात जमवून ठेवा, कोरडे राहिले तर काही महिने टिकतात. फक्त आधी दोन-तीन दिवस दमट ठेवून मग वाळवा, नाहीतर आतली अळी तयार होण्याआधीच अंडी पिचकतात.