मिलच्या जागेवरचा फ्लॅट, पाच लाखांचं डिपॉझिट आणि खोटा घरमालक

सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, पाण्याचा असतो. कितव्या दिवशी येतं, किती वाजता, किती वेळ? चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी पिंपं, टाक्या, मोटर यांत आमचा संसार गेला. त्यामुळं "सोसायटीची खाली मोठी टाकी आहे, दोन बोअर आहेत, चोवीस तास पाणी" हे वाक्य ज्यानं उच्चारलं त्याच्याकडं आम्ही जरा जास्तच आदरानं बघितलं.

मुरारजी पेठेकडचा जुन्या मिलचा भाग आता ओळखू येत नाही. १८७७ साली सोलापुरातली पहिली कापड गिरणी याच मिलच्या रूपानं सुरू झाली. पुढं लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा मिला झाल्या आणि गावाचं घड्याळच भोंग्यावर चालायला लागलं. माझे सासरे लक्ष्मी-विष्णूत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आता जुन्या मिलकडं टॉवर, जिम आणि दीडशे रुपयांची कॉफी विकणारी दुकानं आहेत. अशोक चौकाजवळच्या दोन खोल्यांतून तिकडं जायचं म्हटल्यावर सासूबाई हरखल्या. "मिलच्या दारात उभं राहून पगाराची वाट बघितली, आता मिलच्या जागेत लिफ्टनं जायचं," असं त्या शेजारणींना सांगत सुटल्या.

फ्लॅट एका एजंटानं दाखवला. दोन बेडरूम, सातवा मजला. त्या भागात अशा घराला बारा हजारांच्या आसपास भाडं पडतं. इथं मात्र पाच लाख डिपॉझिट आणि महिना फक्त तीन हजार. हेवी डिपॉझिट आपल्याकडं नवीन नाही, गरजू घरमालक असे व्यवहार करतात. घरमालक म्हणून जो समोर आला तो पस्तिशीतला, बोलायला मऊ, टॉवेल एक्स्पोर्टचा धंदा सांगणारा. त्याला कारखान्यासाठी भांडवल हवं होतं, म्हणून डिपॉझिट मोठं. आमच्या ह्यांची नोकरी एमआयडीसीत टॉवेलच्याच कारखान्यात, हिशेब बघायची. दोघांच्या गप्पा सूत, डाईंग आणि जीएसटीवर अर्धा तास रंगल्या. गेटवरचा वॉचमन त्याला "मालक" म्हणून सलाम करत होता. सोलापुरात कुणालाही मालक म्हणतात, पण सलाम बघितला की माणूस निवांत होतो.

लाइट बिल मागितलं तर त्यावर बिल्डरचं नाव. "नवीन बिल्डिंग आहे ना वहिनी, नाव बदलायचा अर्ज टाकलाय." हे खोटं वाटायचं कारणच नाही, कारण खरोखरच नव्या बिल्डिंगांत वर्षानुवर्षं मीटर बिल्डरच्या नावावर असतात. खरेदीखत? "बँकेत आहे, होमलोन आहे." तेही पटण्यासारखं. ही माणसं अख्खं खोटं बोलत नाहीत. शंभर घरांत जे खरं असतं तेच इथं सांगतात.

कराराची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, नोंदणीला दहा-पंधरा हजार जातात, शिवाय टॅक्सची भानगड. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू. कागदावर डिपॉझिट तीन लाख दाखवू, ते बँकेतून द्या, दोन रोख द्या. एजंटानं मान डोलावली, त्याला त्याचं कमिशन दिसत होतं.

हे दहा-पंधरा हजार शुद्ध थाप होती. लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे अशा भाडेकराराचं मुद्रांक शुल्क निघतं ते असं: सगळ्या महिन्यांचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेली रक्कम, आणि त्या बेरजेच्या ०.२५ टक्के. आमचा अकरा महिन्यांचा करार धरला तर जेमतेम दोनशे रुपये. शहरी भागातली नोंदणी फी १,००० रुपये. किरकोळ शुल्कं धरून दीड हजाराच्या आसपास काम होतं, घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी टाळणारा मालक तुमचे पैसे वाचवत नसतो.

नोटरी करून राहायला गेलो. पाणी खरंच चोवीस तास होतं, तेवढं मात्र कबूल करते.

काही महिन्यांनी पुण्याहून एक गृहस्थ सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊन दारात आले आणि त्यांनी विचारलं, "आपण कोण?" फ्लॅट त्यांचा होता. आमचा 'मालक' त्यांचा भाडेकरू. त्यानं सुरुवातीला दरमहा बारा हजार वेळेवर दिले, मग बंद केले. पुण्यातल्या माणसानं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घेतलं, म्हणून त्यालाही उशिरा जाग आली. म्हणजे आमच्या पाच लाखांतनंच खऱ्या मालकाचं भाडं जात होतं, उरलेले त्याच्या खिशात. वॉचमनला काही ठाऊकच नव्हतं. त्यानं त्या माणसाला तिथं राहताना बघितलं होतं, बस. फोन अर्थातच बंद.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." भाड्या-डिपॉझिटच्या तक्रारीत हे हमखास ऐकावं लागतं, तिथून घरी परतू नका. घर दुसऱ्याचं असताना स्वतःचं सांगून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे, पूर्वीचं ४२०. आम्ही लेखी अर्ज दिला, पोच घेतली, वरिष्ठांना प्रत दिली, तेव्हा गुन्हा दाखल झाला. कामाला आला तो खऱ्या मालकाचा कागद. त्यांनी आपला करार रीतसर नोंदवला होता, त्यावर या भामट्याचा फोटो आणि अंगठा होता. आमच्या नोटरीवर त्याची फक्त सही, तीही वेगळीच. बँकेतून गेलेल्या तीन लाखांचा माग आहे. रोख दोन लाखांसाठी आमच्याकडं "पोचले ना?" "हो वहिनी" एवढाच व्हॉट्सअ‍ॅप आहे.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. करार नोंदवला म्हणजे सरकारनं मालकी तपासली, असं नसतं. ती आपणच तपासायची. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये मोफत शोध आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की दस्तांची यादी येते आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा, उघडता येते. तिच्यात 'लिहून घेणार' म्हणून ज्याचं नाव खरेदीखतात आहे तो मालक. मिळकतीचा हा क्रमांक, म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, ठाऊक नसेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या साइटवर प्रकल्पाचं नाव टाका, तिथल्या माहितीत तो मिळतो. एका वर्षात नाही सापडलं तर पुढचं वर्ष बघा, साइट चिडचिड करायला लावते. त्याखेरीज सोसायटीचा देखभाल खर्च कुणाच्या नावानं लावला जातो हे सेक्रेटरींना विचारा. वॉचमनला नको. आणि होमलोनचं कारण आलं तर बँकेचं पत्र मागा. खरा कर्जदार ते सहज दाखवू शकतो.

पुण्याचे गृहस्थ सज्जन निघाले. कायद्यानं आमचा तिथं काडीचा हक्क नव्हता, तरी मुलीची परीक्षा होईपर्यंत त्यांनी राहू दिलं. सध्या आम्ही शहरातल्याच जुळे सोलापूर भागात आहोत, पिंपं परत भरतोय. सासूबाई अजून अधूनमधून लिफ्टचं नाव काढतात.

तपासात कळलं की याच फ्लॅटचे फोटो दाखवून कुंभारीकडच्या एका कुटुंबाकडूनही त्यानं टोकन घेतलं होतं. एजंट आता म्हणतो, मी फक्त घर दाखवलं. जुन्या मिलच्या भागात सातव्या मजल्यावरचा, पाच लाख डिपॉझिट आणि तीन हजार भाड्याचा फ्लॅट तुम्हालाही दाखवला गेला असेल आणि टोकन दिलं असेल, तर पावती, बँकेची नोंद, मेसेज, जे असेल ते घेऊन पोलिसांकडं जबाब द्या. रोख दिलेल्या पैशाबद्दल दोन-तीन कुटुंबांनी एकच गोष्ट सांगितली तर तिला वजन येतं.