बाहातली तीन मिशनं: फोटो नका बघू, रस्ता बघा

थँक्सगिव्हिंगच्या चार दिवसांच्या सुट्टीच्या आसपास कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हा बेत हमखास निघतो. सॅन डिएगोहून खाली मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात उतरायचं आणि वाळवंटातलं एखादं जुनं स्पॅनिश मिशन, म्हणजे धर्मप्रसारकांनी वसवलेलं ठाणं, बघून यायचं. पण कुठलं? सान हाविएर, सांता मारिया की सान बोर्हा? फोटोत तिन्ही छानच दिसतात. खरा फरक शेवटच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये आहे.

सान हाविएर सगळ्यात सोपं. लोरेतोहून 36 किलोमीटर डोंगरातला डांबरी रस्ता, साधी सेडानसुद्धा जाते. पाऊस झाला असेल तर ओढे रस्त्यावरून वाहतात, तेवढं सांभाळायचं. मिशन 1699 चं, आताचं दगडी चर्च 1744 ते 1758 मध्ये बांधलेलं. आणि हाविएर म्हणजे दुसरा कोणी नाही, आपला गोंयचो सायब, सेंट झेवियर! 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात फेस्त असतं, त्याच दिवशी इथेही. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर फार विचार करू नका, इथेच न्या. अडचण एकच, लोरेतो सरहद्दीपासून सुमारे 1,100 किलोमीटर आहे. चार दिवसांत ते बसत नाही.

सांता मारिया याच्या अगदी उलट. सरहद्दीपासून जवळ, पण काताविन्याजवळच्या सांता इनेस रँचपासून पुढचे वीस-बावीस किलोमीटर गाडीची आणि नवरा-बायकोच्या संसाराची परीक्षा बघतात. सुट्या धोंड्यांचे चढ, अरुंद वाट, फोर-बाय-फोरच्या लो रेंज गिअरशिवाय जायचा प्रश्नच नाही. एवढं करून पोचल्यावर काय? पडक्या वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंती पावसात विरघळतात ना, तशा उरलेल्या भिंती. 1767 मध्ये जेझुइट पंथाच्या कॅथलिक पाद्र्यांनी हे मिशन काढलं आणि पुढच्याच वर्षी स्पेनच्या राजाच्या हुकमाने त्यांची बाहातून हकालपट्टी झाली. रस्ता हेच ठिकाण मानणाऱ्यांनी जावं, तेही दोन गाड्या असतील तरच. मी कुणाला आग्रह करणार नाही.

माझं मत सान बोर्हाला. पण तिथेही दोन वाटा आहेत आणि निवड त्यांच्यात करायची आहे.

पश्चिमेची वाट महामार्ग एकवरच्या रोसारितो गावातून फुटते. नकाशात नीट बघा, तिहुआनाजवळचं समुद्रकिनाऱ्याचं रोसारितो वेगळं आणि एल रोसारिओ तिसरंच. आपलं रोसारितो सरहद्दीपासून साडेसहाशे किलोमीटर खाली आहे. तिथून मिशन सुमारे 35 किलोमीटर, दीड-दोन तास धरा. वाळू, फुफाटा, हाडं खिळखिळी करणारी पन्हाळी पत्र्यासारखी चाकोरी, मधेमधे दगड. ग्राउंड क्लिअरन्स बरा असेल तर सावकाश जाता येतं. सेडान नेलीत तर चेंबर फुटलाच म्हणून समजा.

दुसरी वाट बाईआ दे लोस आंजेलेसच्या डांबरी रस्त्यावरून आत वळते. अंतर जवळपास तितकंच, पण खडक जास्त आणि उतार पायऱ्यांसारखे. देखणी मात्र हीच. दोन्ही बाजूंना कार्दोनचे तीन-चार पुरुष उंच निवडुंग, आणि मधे सिरिओ, म्हणजे कोणीतरी मुळा उपटून उलटा रोवलाय असं झाड. कधी सरळ, कधी शेंडा वाकून पुन्हा जमिनीकडे आलेला. एकटी गाडी असेल तर रोसारितोकडूनच जा आणि तिकडूनच परत या. सोबत दुसरी गाडी आणि चांगली फोर-बाय-फोर असेल तर परतताना ही वाट धरा.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी, डांबर संपलं की उतरून चाकांतली हवा काढायची. 35 पीएसआयची 24 वर आणली की दगडांवरची आदळआपट निम्मी होते. मग परत भरायला पंप हवा, आणि स्टेपनी पूर्ण मापाची हवी. पेट्रोल एल रोसारिओलाच काठोकाठ भरा, पुढे काताविन्याला पिंपातून विकणारे भेटले तर भेटले. अमेरिकेतला गाडीचा विमा सरहद्दीपलीकडे सहसा चालत नाही, मेक्सिकोचा वेगळा काढा. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा लागत नाही. व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपून अमेरिकेत राहायच्या नुसत्या मंजुरीच्या कागदावर राहत असाल तर आधी तो घोळ निस्तरा.

एवढ्या खटाटोपाचं फळ काय, तर वाळवंटाच्या मधोमध घडीव दगडांचं अख्खं चर्च. मिशन 1762 मध्ये वेन्सेस्लाउस लिंक या बोहेमियन जेझुइटाने सुरू केलं. हे चर्च मात्र नंतर आलेल्या डॉमिनिकन पंथाच्या पाद्र्यांनी 1801 मध्ये पुरं केलं. तोवर साथींनी इथले कोचिमी लोक एवढे कमी झाले होते की 1818 मध्ये मिशनच बंद पडलं. आतल्या दगडी गोल जिन्याने वर जाता येतं, एकेका पायरीला हात लावून बघा. शेजारी आधीच्या मातीच्या भिंती आणि मिशनची बाग आहे.

देखभाल कोचिमी वंशातलं एक कुटुंब करतं, तेच हिंडून दाखवतात. द्याल ते घेतात. सुटे पेसो जवळ ठेवा, शंभर डॉलरची नोट तिथे कोण मोडून देणार?